चाळीस गुंठ्यांचं रान

मार्गशीर्ष अमावस्येला लातूर शहरात चहा मिळायची मारामार होते. दुकानांची शटरं खाली, मोंढ्यात शुकशुकाट. जिल्हाधिकारी त्या दिवसाची स्थानिक सुट्टी जाहीर करतात, पण केली नाही तरी फार कुणी कामावर येईल असं वाटत नाही. सगळं शहर रानात गेलेलं असतं. पंचांगातली वेळ अमावस्या, बोलीतली येळवस. लातूर, धाराशिव, नांदेडचा काही भाग आणि सीमेपलीकडचा बिदरचा मुलूख हा सण पाळतो. कडब्याची कोप उभी राहते, आत चुन्यानं रंगवलेल्या पांडवांची पूजा होते, माठात आंबील असते. पानावर बाजरीचे उंडे आणि भज्जी. या भज्जीच्या नावावरून पुण्या-मुंबईचे पाहुणे हमखास फसतात आणि तळणाची वाट पाहत बसतात. तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे, पालेभाज्या, चिंच आणि बेसन यांचं ते दाट, आंबट कालवण असतं. दिवस मावळताना पेटता हेंडगा घेऊन कुणीतरी पिकाभोवती पळत सुटतं.

या दिवशी ज्याला रान नाही त्याला कुणीतरी आवर्जून बोलावतं. आणि ज्याला आहे, त्याच्या चेहऱ्यावर एक वेगळाच रुबाब असतो. एरवी बँकेच्या रांगेत अंग चोरून उभा राहणारा माणूस आपल्या बांधावर पाहुण्यांना ‘जेवल्याशिवाय हलायचं नाही’ असं दरडावत असतो.

पण हा एका दिवसाचा शेतकरीपणा झाला. बाकीचे दिवस या भागातल्या घराघरांतून शेतापासून लांब जायची तयारी चालू असते. बारावीच्या निकालातून जन्मलेल्या ‘लातूर पॅटर्न’नं एक पिढी घडवली. त्याच पॅटर्नमुळे आई मुलांना घेऊन शहरात खोली करून राहते आणि बाप गावाकडून डबे, धान्य, पैसे पाठवत राहतो, असं कुटुंबाचं एक नवं रूपही इथं रुळलं. ज्यांची मुलं वैद्यकीयला लागत नाहीत, ती पुण्याच्या चाकण-रांजणगावला कारखान्यांत लागतात. अशा मुलखात उलट्या दिशेनं जाणारी, म्हणजे गावातलं घर बंद करून आखाड्यावर राहायला जाणारी कुटुंबं दिसली, की थांबून पाहावंसं वाटतं. आखाडा म्हणजे इथलं शेतातलं घर. पत्र्याचं, फार तर दोन खोल्यांचं, पुढं गोठा आणि अंगणात बाज.

अशा घरांमागे बहुतेक वेळा बाई असते, आणि त्या बाईमागे कित्येकदा एक भूकंप.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी आणि आसपासची गावं मातीच्या ढिगाऱ्यांत गेली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यांत हजारो माणसं मेली. त्यानंतर घरं पुन्हा बांधण्याचा, दुरुस्त करण्याचा मोठा सरकारी कार्यक्रम झाला आणि त्यात लोकसहभागाचं काम स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेकडे आलं. प्रेमा गोपालन यांच्या या संस्थेनं गावोगाव बायकांना संवाद सहायक केलं. घराला लोखंड किती, कोपऱ्यात बांधणी कशी, मंजूर रकमेचा हिशेब काय, हे सगळं उंबऱ्याबाहेर फारशा न पडलेल्या बायका गवंड्याला आणि ओव्हरसियरला विचारू लागल्या. त्यांतूनच बचतगट उभे राहिले. तुळजापूर तालुक्यातल्या गंधोऱ्याच्या गोदावरी डांगे या कमी वयात विधवा झालेल्या बाई अशाच एका गटातून पुढं आल्या आणि नंतर देशोदेशीच्या परिषदांत दुष्काळाबद्दल बोलल्या.

मग २०१२ पासून दुष्काळाची रांग लागली. मध्येच २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीनं काढणीला आलेली ज्वारी आडवी केली. सगळ्यात वाईट २०१५. मांजरा धरण कोरडं पडलं. लातुरात पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लावावी लागली, आणि १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन आगगाडी आली. देशभरच्या वाहिन्यांनी ती गाडी दाखवली. त्या काळात खेड्यातल्या घरांत काय शिजत होतं, हे दाखवायला फारसं कुणी गेलं नाही. शिजायला फारसं नव्हतंही. पाच-सात एकरांची घरं, पण सगळ्या रानात सोयाबीन, थोडी तूर, जमलं तर ऊस. सोयाबीन घरात खाता येत नाही. शेतकऱ्याची बाई आठवडी बाजारात पाव किलो गवार तोलून घेत होती. शेत असून भाजी विकत, यापेक्षा मोठी नामुष्की नाही, असं जुनी माणसं म्हणत. पण ही नामुष्की इतकी सार्वत्रिक झाली होती की तिची लाज वाटणं थांबलं होतं.

गटांतल्या बायकांनी तेव्हा नवऱ्यांकडे एक मागणी केली : एक एकर द्या. सगळं नको. काय पेरायचं ते आम्ही ठरवू, आधी घरात खाऊ, उरलं तर विकू. या एक एकर शेतीच्या कामासाठी स्वयम् शिक्षण प्रयोगाला २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. पुरस्काराची बातमी चार ओळींत संपते. घरात ती मागणी मान्य व्हायला मात्र काही ठिकाणी दोन-दोन हंगाम लागले.

कुठल्या एका घराची ही गोष्ट नाही. औसा, निलंगा, लोहारा या पट्ट्यातल्या अशा घरांत जे जागोजाग घडतं, ते इथं एकत्र आलं आहे. पहिला नकार सासऱ्याचा असतो : बायकांनी पेरायचं तर आम्ही काय करायचं? नवरा तोंडानं नाही म्हणत नाही, फक्त विषय बदलतो. शेवटी जमीन मिळते ती बांधाकडची, मुरमाड, जिथं सोयाबीन कधी धड आलंच नाही अशी. कधी अर्धाच एकर. बाई तेवढ्यावर होकार देते, कारण हे रान तिनं सासरी आल्यापासून खुरपलेलं असतं आणि त्याचा कुठला कोपरा ओल धरतो हे तिला घरात सगळ्यांहून चांगलं ठाऊक असतं.

एकराचे चाळीस गुंठे. त्यावर ही बाई काय मांडते ते पाहण्यासारखं असतं. जूनमध्ये मूग, उडीद आणि तूर. तुरीच्या ओळींत तीळ, कडेला अंबाडी. मराठवाड्यात अंबाडीच्या भाजीला आणि ज्वारीच्या कण्यांना जे स्थान आहे, ते सांगून बाहेरच्याला पटत नाही, म्हणून सांगत नाही. विहिरीच्या किंवा बोअरच्या जवळ चार-पाच गुंठ्यांत भेंडी, गवार, वांगी, मिरची. वेल चढवायला तुराट्यांचा मांडव, त्यावर दोडका आणि कारलं. बांधावर शेवगा, कढीपत्ता, पपई. मूग निघाला की त्याच जागी रब्बीची ज्वारी नाहीतर हरभरा, भोवतीनं करडई. करडईचे काटे जनावर आत येऊ देत नाहीत आणि दाण्यांचं तेल निघतं. कुंपणाचा खर्च वाचला तो वेगळाच. मेथी, पालक, कोथिंबीर, गाजर वाफ्यांत. वर्षभरात मोजली तर वीस-पंचवीस पिकं होतात. कृषी खात्याच्या पीकपाहणीच्या रकान्यात ती मावत नाहीत.

खत गोठ्यातलं. लातूरच्या बाजूला देवणी, नांदेडच्या बाजूला लाल कंधारी. देवणी आणि कंधार या दोन तालुक्यांनी आपापल्या नावाच्या गाई देशाला दिल्या, ही इथल्या माणसांची जुनी मिजास आहे आणि ती रास्त आहे. देवणी दुधालाही बरी आणि बैलही कामाचे. ट्रॅक्टर आल्यावर दारची जनावरं गेली होती. एकरभर भाजी आल्यावर शेणाची किंमत पुन्हा कळली, आणि कित्येक आखाड्यांवर निदान एक गाय आणि दोन उस्मानाबादी शेळ्या परत आल्या. फवारणीला निंबोळी अर्क : पाच किलो निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवायच्या, गाळून शंभर लिटर पाणी करायचं. निंबोळ्या वेचायला पैसे लागत नाहीत, पोरं लागतात. बियाणं राखेत घोळून मडक्यात. कृषी सेवा केंद्राच्या पायरीवर जूनमध्ये उधारीसाठी जो ताटकळत बसण्याचा कार्यक्रम असतो, तो निदान या एकरापुरता रद्द होतो.

स्वातंत्र्य या मोठ्या शब्दाचा या घरांतला अर्थ इथं सापडतो. नवऱ्याच्या सहा एकरांचं सगळं गणित दुसऱ्याच्या हातात असतं. ऑगस्ट २०२१ मध्ये लातूर बाजारात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या वर गेलं होतं. लोकांनी ट्रॅक्टरचे हप्ते, मुलीचं लग्न, सगळं त्या आकड्यावर बेतलं. त्याच महिन्यात केंद्रानं बारा लाख टन सोयापेंड आयात करायला परवानगी दिली आणि नवा माल येईपर्यंत भाव खाली आला. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात माल त्याच्या बराच खाली जात होता. बियाणं कंपनीचं, दर बाजाराचा, धोरण दिल्लीचं. शेतकऱ्याच्या वाट्याला काय उरतं, तर पेरणी आणि काळजी. सोयाबीनचा भाव कळायला त्याला रोज मोबाइल उघडावा लागतो. त्याच्या बायकोला वांग्याचा भाव शेजारीण सांगते. तिचं एकरभर रान त्याच्या सहा एकरांहून कमी पैसा देतं. पण ते तिला रात्री जागं ठेवत नाही.

निवांतपणा म्हणतात तो असा, हिशेबातून येतो. दुपारी चुलीवर काय चढवायचं हे ठरवायला बाजाराचा वार पाहावा लागत नाही. सालगड्याचं साल, सावकाराचं व्याज, दुकानदाराची उधारी यांत अडकलेल्या घरात निदान ताट मोकळं असतं. ज्या मुलखात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचे आकडे जिल्हावार छापून येतात, तिथं ही लहान गोष्ट नाही. मात्र एक एकर भाजीनं कर्ज फिटतं, असं कुणी सांगू लागलं तर त्याच्यापासून सावध राहावं. कर्ज सोयाबीनचं असतं आणि त्याचं उत्तर सोयाबीनच्याच भावात आहे.

आखाड्यावर राहायला जाणं ही यातली पुढची पायरी. ती सगळे चढत नाहीत. भाजीला सकाळ-संध्याकाळ माणूस लागतं, गाय दारात असली की रात्रीही लागतं. गावातून तीनदा हेलपाटे घालण्यापेक्षा तिथंच राहावं, इतका साधा विचार. पहिल्या पावसाळ्यात पश्चात्ताप होतो. साप निघतात. चिखलातून मुलांना शाळेच्या रस्त्यापर्यंत उचलून न्यावं लागतं. थ्री-फेज वीज आठवड्याआड रात्रीची असते, म्हणजे काळोखात बॅटरी घेऊन पाणी धरायचं. रानडुकरं येतात, हरणांचे कळप येतात. किनवट-माहूरकडे जंगल जवळ, तिथं तर पिकापेक्षा राखणच जास्त. ‘मागेल त्याला सौर कृषीपंप’ या २०२४ च्या योजनेत अडीच एकरांपर्यंतच्या शेतकऱ्याला तीन अश्वशक्तीचा पंप मिळतो आणि त्याला स्वतःचा दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर पाच टक्के, वाटा भरावा लागतो. ज्यांना तो मिळाला त्यांच्या रात्री परत मिळाल्या. बायका या योजनेबद्दल बोलताना पाण्यापेक्षा झोपेबद्दल जास्त बोलतात.

तरी वर्ष-दोन वर्षांनी ही कुटुंबं गावात परत जायला नाखूश असतात. कारण विचारलं तर शुद्ध हवा वगैरे कुणी सांगत नाही. गावात सासूच्या, जावेच्या, शेजारच्या दहा डोळ्यांखाली वावरावं लागतं, इथं डोक्यावरचा पदर घसरला तरी बघायला कुणी नाही. नवरा गावात संध्याकाळी पारावर असायचा, आणि पारावरून पुढं कुठं जायचा ते सगळ्यांना माहीत. इथून टपरी दोन किलोमीटर आहे. कंटाळ्यानं का होईना, तो धारा काढतो. शेतावर गेल्यामुळे संसार सुधारला याचं कारण शोधायला निघालं तर अंतर हेच एक मोठं कारण निघेल, असं वाटतं. ग्रामजीवनाच्या गोडव्यावर लिहिणाऱ्यांना हे आवडणार नाही. पण गावापासून मिळालेली मोकळीक हाच या गोडव्यातला निम्मा भाग आहे.

आता प्रश्न उरतो तो ‘आपलं’ या शब्दाचा. बाई म्हणते माझं रान. सातबारा म्हणतो तिच्या नवऱ्याचं, आणि पुष्कळदा अजून सासऱ्याचंच.

हा प्रश्न मराठवाड्यात नवा नाही. निजामाच्या राज्यात कसणारा वेगळा आणि धनी वेगळा, अशी रीत पुष्कळ ठिकाणी होती. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मुक्त झालं, पुढच्याच वर्षी जहागिरी संपल्या आणि १९५० च्या हैदराबाद कुळकायद्यानं संरक्षित कुळांना मालकीची वाट दिली. नांदेड-लातूरकडच्या कित्येक घरांत ‘आपली जमीन’ ही आजोबांच्या पिढीतच आपली झालेली असते. बायकांच्या नावाचा विषय शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं काढला. चांदवडला १९८६ साली त्यांचा महिला मेळावा झाला, मग लक्ष्मीमुक्ती आली : गावातल्या शंभर शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे थोडी जमीन करून द्यावी आणि त्या गावाचा सत्कार व्हावा. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरनं सुरुवात केली. १९९१ मध्ये शेगावला त्यांनी सीताशेती मांडली : बाईच्या वाट्याच्या तुकड्यावर, बाहेरून काही विकत न आणता, घराला लागेल ते पिकवायचं. एक एकर शेतीची कल्पना पंचवीस वर्षांनी वेगळ्या संस्थेनं वेगळ्या निमित्तानं मांडली, पण तिची थोरली बहीण ही. खुल्या बाजाराचा पुरस्कार करणाऱ्या माणसानं बाजाराबाहेरचं रान बायकांना सुचवावं, यातली गंमत त्यांच्या विरोधकांना आणि अनुयायांनाही फारशी कळली नाही.

सरकारनं १५ सप्टेंबर १९९२ ला लक्ष्मीमुक्तीचं परिपत्रक काढलं. नवऱ्यानं अर्ज द्यायचा, फेरफार व्हायचा आणि बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर चढायचं, खरेदीखत नको. परिपत्रक आजही आहे. अर्ज मात्र नवऱ्यानंच द्यायचा असतो, आणि सगळं तिथं अडतं.

नांदेड-लातूरमध्ये आणखी एक रान आहे ज्याचा सातबारा कसणाऱ्याच्या नावे नाही : गायरान. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले. पुढं मराठवाड्यात एकनाथ आवाड यांच्या मानवी हक्क अभियानानं दलित कुटुंबांना गायरानावर नांगर धरायला उभं केलं. माराला, बहिष्काराला तोंड देत माणसांनी दगड वेचले आणि ज्वारी पेरली. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयानं १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणं नियमित करायचं ठरवलं. पुरावा काय, तर गाव नमुना एक-ई मधली अतिक्रमणाची नोंद आणि दंड भरल्याची पावती. म्हणजे सरकारनं गुन्हेगार ठरवल्याचा कागद हाच मालकीचा एकमेव आधार. ती पावती पत्र्याच्या पेटीत, लुगड्याच्या घडीत जपून ठेवणाऱ्या म्हाताऱ्या या भागात आहेत. सगळ्यांची अतिक्रमणं नियमित झाली नाहीत. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गावाची सामायिक जमीन वाचवायला सांगितलं, राज्यानं नियम घट्ट केले, आणि २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गायरानावरच्या घरांना नोटिसा निघाल्या. निकाल धनदांडग्यांच्या कब्जांकडे पाहून आला असेलही. दारात कागद चिकटवला गेला तो दोन एकर मुरमाड पेरणाऱ्याच्या. अशा कुटुंबाला पीककर्ज नाही, विमा नाही, सौरपंपाचा अर्जही भरता येत नाही. तीस वर्षं एकाच तुकड्यावर राबून ते दर जूनला यंदा पेरू देतील ना, या धास्तीनं पेरतात. येळवशीला मात्र तेही कोप घालतात आणि पाहुण्यांना जेवू घालतात.

औशाकडच्या बाईची धास्ती तेवढी मोठी नाही. तिला रान कुणी काढून घेणार नाही. फार तर ऊस लावायचा ठरला की तिचा एकर त्यात जाईल. मुरमाड तुकडा शेणखतानं सुधारला, तो आता घरातला सगळ्यात चांगला तुकडा झाला आहे, आणि धोका नेमका त्यामुळे वाढला आहे. गटाच्या बैठकीत अशा गोष्टी निघतात तेव्हा कुणीतरी लक्ष्मीमुक्तीच्या अर्जाचा नमुना आणते. कुणी म्हणते, आधी झाडं लावा. भाजीचं रान एका नांगरटीत मोडता येतं, फळावर आलेलं केशर आंब्याचं झाड तोडायला नवरा दहादा विचार करेल. त्यामुळे काही बायकांनी बांधाच्या आत, मुद्दाम आत, आंबे लावले आहेत. सोयाबीनवर सावली पडते म्हणून घरात त्यावरून भांडण चालू आहे. अर्जावर सही अजून व्हायची आहे.